कोट एक, बटणं तीन

४ मार्च

तुझ्या आजोबांचा लोकरीचा मफलर विरघळून गेला. फाटला नाही, विरघळला. पाण्यातून काढला तर हातात लगदा आला. हे पहिलं सांगते, आशीर्वाद मागाहून.

चि. टिचकीस आजीचे अ. उ. आ.

घरचा साबण मी चाळीस वर्षं अंदाजाने करते. तू शास्त्रशुद्ध माप धाडलंस: तेल एक, कॉस्टिक सोडा तीन. पाव किलो तेलाला पाऊण किलो सोडा घालताना माझा हात नको म्हणत होता. पण माझी शाळा दुसरीत सुटलेली, तू कॉलेजातली. हाताला गप्प बसवलं. वडी धरलीच नाही, भुगा झाला. त्यानेच मफलर धुऊन पाहिला. आजोबा गळ्याला टॉवेल गुंडाळून बसलेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नातीची कीर्ती सांगताहेत. माझी दोन बोटं सोललीत, ती भरतील. हे माप कुठून आणलंस ते कळव. लोभ आहे, पण सध्या जरा पातळ.

तुझी आजी

९ मार्च

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

बोटांना मलम लाव. चूक माझीच. फळ्यावर होतं, तेलाच्या एका रेणूला सोड्याचे तीन. मी ते वजन समजले. परीक्षेतही तेच केलं. पन्नासात सात मिळाले. फेरपरीक्षा वीस तारखेला, शेवटची संधी. मोल म्हणजे ठरावीक संख्येच्या रेणूंचा ढीग. तेलाचा ढीग ८९० ग्रॅम, सोड्याचा चाळीस, एवढं पाठ आहे. पण गणित समोर आलं की डोकं चालत नाही. फॉर्म भरलेला नाही. आईला सांगितलेलं नाही. सामान बांधून घरीच यावं म्हणते. आजोबांना मफलर विणून देईन, तेवढं तरी जमेल.

लोभ पातळ का होईना, असू दे.

तुझी टिचकी

१३ मार्च

चि. टिचकीस अ. उ. आ.

तू विणलेला मफलर आजोबा घालणार नाहीत. तो रस्ता बंद.

मी बारा वर्षं कोटांच्या कारखान्यात बटणं लावली. कोट एक, बटणं तीन. बटणं मोजत बसायला वेळ कुणाला. मुकादम काट्यावर तोलून द्यायचा. म्हणून कोटाच्या वजनाच्या तिप्पट बटणं कुणी आणली नाहीत! आधी कोट किती ते मोजायचं, त्याच्या तिप्पट बटणं धरायची, मग एका बटणाचं वजन लावून काटा भरायचा. तुझं तेल कोट, सोडा बटण. तीन हा मोजणीचा आकडा, काट्याचा नव्हे. एवढ्यासाठी सामान बांधतेस?

आता काम. डब्यात सोडा साठ ग्रॅम उरलाय. त्याला तेल किती? माझा हात सांगेल, पण त्याला विचारणार नाही. पातेलं घासून ठेवलंय. तू लिहिशील तेवढंच तेल ओतीन आणि त्या साबणाने आजोबांचा एकुलता स्वेटर धुईन. त्यांना हे सांगितल्यापासून ते स्वेटर अंगावरून उतरवेनात.

लोभ किती वाढवायचा ते उत्तर आल्यावर बघू.

तुझी आजी

ता. क. आधी फॉर्म भर, मग गणित. उत्तर आईने लिहायचं नाही, मैत्रिणीने लिहायचं नाही. तू लिहायचंस.