रूथची पांढरी साडी

अंबरनाथ पश्चिम,
इस्टरनंतरचा सोमवार, १९८७

प्रिय पप्पांना शांतवनचा सलाम.

तुमची नात मंडळीची सभासद झाली का, म्हणून विचारलंत. नाही झाली. तुम्ही पाठवलेली पांढरी साडी नेसून रूथ काल चर्चमध्ये उभी राहिली. देव आपल्याला कसा भेटला, हे आपल्या रिवाजाप्रमाणे तिनं सगळ्यांसमोर सांगायचं होतं. ती म्हणाली, "मला अजून तसं काही झालेलं नाही." पाळकसाहेब हळूच म्हणाले, "बेटा, नुसतं हो म्हण." तर म्हणते, "देवाच्या घरात फेकू कशाला? होईल तेव्हा मी स्वतः येऊन सांगीन." आणि प्रभुभोजनाची भाकर न घेता मागच्या बाकावर जाऊन बसली.

मंडळी कुजबुजली, प्रचारकाची नात आणि असं. तिची आई रडली. मी मात्र आज फॅक्टरीत छाती फुगवून फिरलो.

तीनशे वर्षांपूर्वीच्या त्या इंग्रज प्युरिटन धर्मपंडिताचा विचार तुम्ही आमच्याकडून लहानपणी घोकून घेतलात. बाप जेवला म्हणून लेकराचं पोट भरत नाही, विश्वास ज्याचा त्यालाच यावा लागतो, असं तुम्ही समजावून सांगायचात. आम्हा भावंडांना ते अजून पाठ आहे. रूथनं ते खरं मानलं.

साडी धुऊन ठेवली आहे, तिच्या दिवसासाठी. पत्र मात्र पोस्टात टाकत नाही. वाचलंत तर पहिली गाडी पकडून तिला समजवायला याल, आणि ती तुम्हाला तुमचंच प्रवचन ऐकवील.

तुमचा मुलगा, आणि रूथचा बाप,
शांतवन