हलक्या वजनाची गिटार

सरकार,

तब्येत झकास आहे. खोकला आहे, पण तो आता घरचाच झालाय. तुझी कंबर काय म्हणते?

जुनी पेडल स्टील गिटार विकली. तिचे पाय, पेडलं, दांडे, असं सगळं धूड घेऊन इथल्या खोलीचे दोन जिने चढणं हल्ली जमेना. नवीन घेतली, निम्म्या वजनाची.

दुकानदार वैतागला, "अहो, आधी वाजवून तर बघा!" मी गल्ल्यावरच्या बाईंना म्हटलं, "तुम्ही उचलून बघा." त्या अगदी तुझ्या चणीच्या. दोन गिटारींना त्यांनी नाक मुरडलं. तिसरी पेटीसकट एकट्याच जिना उतरून खाली घेऊन गेल्या. तीच घेतली. सूर जरा पातळ आहे, चालेल.

धाकटीला पापा.

माझ्या सामानात आता जड असं काही उरलं नाही. उद्या काही झालंच आणि ते न्यायला एकटी आलीस तरी कुणाची मिनतवारी करावी लागणार नाही.

तुझाच,
बेसूर