कढई चालू राहावी म्हणून

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सत्तावन्न, व्यवसाय विद्यापीठात अध्यापन व संशोधन, विषय कारखान्यांतल्या प्रक्रियांची गणिते मांडून त्यांना ताब्यात ठेवणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाखाली न येता लिहीत आहे. दडपणाचे वाक्य माझ्या वकील मेव्हण्याने घालायला लावले असून ते लिहून होईपर्यंत तो माझ्या खुर्चीमागे उभा होता. माझे मन ठिकाणावर आहे की नाही याविषयी पत्नीचे मत वेगळे आहे. ते तिने तोंडी दिले आहे, आणि इथे नोंदवण्याची आवश्यकता नाही.

हे आत्ताच करण्याचे कारण असे की येत्या मंगळवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टरांनी मला माझ्या रक्तवाहिन्यांचे चित्र दाखवले. नळीच्या आतून थर बसलेला, मधून अरुंद वाट, पलीकडे दाब कमी. मी म्हणालो, "ही आकृती माझी आहे." ते म्हणाले, "हो, तुमचीच आहे." मला म्हणायचे होते की गेली पंचवीस वर्षे हीच आकृती मी फळ्यावर काढत आलो आहे. पण ते पुढच्या चित्रावर गेले होते. थर का बसतो, किती वेगाने बसतो, हे समीकरणात मांडता येते. बसू नको म्हणून त्याला सांगता येत नाही.

कलम पहिले : घर. राहते घर, वरच्या खोलीसह, पत्नीला द्यावे. चिरंजीवांना दूरध्वनीवर विचारले असता ते म्हणाले, "बाबा, घर आईलाच द्या. मला फक्त तुमचे पासवर्ड सांगून ठेवा, नंतर फार वैताग होतो." पासवर्ड सर्वत्र एकच आहे, आमच्या लग्नाचा दिनांक. तो त्यांनी आईला विचारावा. मला तो दर वेळी चुकतो.

घर पत्नीला देण्यामागे एक शास्त्रीय कारणही आहे. आमच्या न्हाणीघरातल्या नळाला गरम पाणी यायला वेळ लागतो. माणूस नळ फिरवतो, पाणी गारच लागते म्हणून आणखी फिरवतो, मग पोळतो, घाबरून उलटा फिरवतो आणि गारठतो. माझे निम्मे शोधनिबंध या एका घाईवर आहेत, आणि तरी मी रोज सकाळी पोळतो. पत्नी नळ एकदाच फिरवते आणि टॉवेल खांद्यावर टाकून उभी राहते. ज्याला थांबता येते त्याच्याकडे घर असावे.

कलम दुसरे : ठेवी. बँकेतले जे काही असेल ते पत्नीचे. किती आहे हे बँकेला विचारावे.

कलम तिसरे : हत्यारे. माझे पाने, पकडी, मल्टिमीटर आणि जर्मन बनावटीचा तो एक स्क्रूड्रायव्हर, ज्याला हात लावू देत नसे म्हणून प्रयोगशाळेत माझी पुष्कळ टिंगल झाली, हे सर्व प्रयोगशाळेच्या मिस्त्रींना द्यावे. मिस्त्री तो स्क्रूड्रायव्हर माझ्या पाठीमागे वापरत आले आहेत, हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होते. आता समोर वापरावा.

कलम चौथे : शब्द. शाळेत संस्कृत नको तितके झाल्यामुळे मला प्रत्येक यंत्राचे बारसे करण्याची खोड लागली. फीडबॅकला 'प्रतिवार्ता' म्हणावे असा आग्रह मी पंधरा वर्षे धरला. विद्यार्थी उत्तरपत्रिकेत प्रतिवार्ता लिहीत आणि वर्गाबाहेर पडता पडता, "सरांचा फीडबॅक काय?" असे एकमेकांना विचारीत. हा शब्द मी कोणालाही ठेवत नाही. त्याचे हाल होतील.

कलम पाचवे : वैरे. हयातभरात चार-पाच जमली होती, पण सांभाळायला वेळ न मिळाल्याने बहुतेक विझली. एकच चालू स्थितीत आहे, ते विभागप्रमुखांशी. ते माझेच विद्यार्थी. माझ्याच प्रयोगशाळेच्या जागी त्यांना चर्चासत्र कक्ष हवा आहे. गोल टेबल, भिंतभर पडदा, गालिचा. या महिनाअखेर प्रयोगशाळा रिकामी करावी असा आदेश निघाला आहे. मी त्यांना भेटायला गेलो. उठून उभे राहिले, खुर्ची दिली.

मी म्हटले, "उन्हाळ्यापर्यंत थांबा. एवढेच मागतो."

"सर, माझ्या हातात असतं तर मी तुम्हाला इथवर येऊ दिलं असतं का? मीच आलो असतो."

"मग कोणाच्या हातात आहे?"

"वर."

"वर कोण?"

त्यांनी छताकडे पाहिले. वरच्या मजल्यावर रसायनशास्त्राचा विभाग आहे, त्यामुळे त्यांना कोण अभिप्रेत होते हे मला कळले नाही. मग ते हळूच म्हणाले, "सर, मीही तीनदा लिहिलंय. उत्तर येत नाही." हे खरे होते, त्यांचा चेहरा मी विद्यार्थिदशेपासून ओळखतो. मनापासून वैर धरावे तर समोरचा आपल्याइतकाच हतबल निघतो, याहून मोठी फसवणूक नाही. हे वैर मी मागे घेतो. मात्र माझी शोकसभा झालीच तर ती त्या गालिच्यावर होऊ नये.

कलम सहावे : कढई. इथे थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे.

प्रयोगशाळेच्या तळघरात एक उभे यंत्र आहे. विद्यापीठाच्या कागदपत्रांत त्याचे नाव इव्हॅपोरेटर, मी त्याला बाष्पक म्हणतो, मिस्त्री कढई म्हणतात, आणि नाव मिस्त्रींचेच रुळले. तिच्यातल्या तापलेल्या उभ्या नळ्यांत साखरेचा पाक उकळून घट्ट होतो, उडालेले पाणी थंड होऊन पुन्हा त्याच पाकात येऊन मिसळते. म्हणजे दिवसअखेर काहीही तयार होत नाही. आकडे तेवढे तयार होतात. पत्नी एकदा पाहायला आली होती. बराच वेळ पाहून म्हणाली, "आणि हे खायचं नाही?"

या कढईवर आमच्या बाईंचे संशोधन चालू आहे. बाई म्हणजे माझ्या शेवटच्या पीएच.डी. विद्यार्थिनी. आधी त्या एका कारखान्यात पाळीच्या इंजिनियर होत्या. तिथे त्यांनी पाहिले ते असे की यंत्रावर नवी नियंत्रण-प्रणाली बसते, पहिल्या दिवशी टाळ्या वाजतात, आणि दोन वर्षांनी कामगार ती बंद करून हातानेच झडपा फिरवू लागतात. कारण नळ्यांच्या आत, घरातल्या पातेल्यात बसतो तसा, थर बसलेला असतो. यंत्र म्हातारे झालेले असते, पण त्याचे गणित पंचविशीतच राहिलेले असते. यंत्राबरोबर वय वाढेल असे गणित करता येईल का, हा बाईंचा प्रश्न. तो घेऊन त्या नोकरी सोडून माझ्याकडे आल्या. तेव्हा त्यांची मुलगी प्राथमिक शाळेत होती. आता ती विद्यापीठात आहे, आणि आईच्या आधी पदवी घेईल अशी चिन्हे आहेत.

प्रयोगाची अट एकच. थर पुरता बसेपर्यंत कढई बंद पडता कामा नये. बंद पडली की नळ्या थंड होऊन आकसतात, थर तडकून गळून पडतो, आणि सगळे पुन्हा कोऱ्या नळ्यांपासून. गेल्या वर्षापासून ती अखंड चालू आहे. थर निम्म्याच्या पुढे गेला आहे. उन्हाळ्यापर्यंत बाईंचे गणित खरे की खोटे ते कळेल. बाईंना मिळालेली मुदतवाढ शेवटची आहे, आणि महिनाअखेर कढई उचलणार.

म्हणून मी या कलमात लिहिले होते, "कढई बाईंना द्यावी." मेव्हणा वाचता वाचता थांबला.

"भाऊजी, ही कढई तुमची आहे?"

"पंचवीस वर्षे मीच सांभाळतोय."

"पावती कुणाच्या नावावर?"

"विद्यापीठाच्या."

"मग ती तुम्हाला देता येत नाही. उद्या तुम्ही मला रेल्वे स्टेशन लिहून द्याल."

"इच्छा तरी लिहिता येते ना?"

"इच्छा हवी तेवढी लिहा. इच्छेवर अंमलबजावणी होत नाही."

तेव्हा माझी इच्छा आहे की कढई उन्हाळ्यापर्यंत चालू राहावी. तिच्यावर अंमलबजावणी होत नाही, याची मला कल्पना दिलेली आहे.

कलम सातवे : मोजमापे. हे मात्र निखालस माझे आहे. बाई येण्यापूर्वी, नळ्यांच्या जुन्या संचावर, असाच एक प्रयोग मी थर पुरता बसेपर्यंत चालवला होता. निबंध लिहून पाठवला, तर परीक्षकांनी विचारले, "यात नवे काय?" मी तो खणात ठेवला, तो तसाच राहिला. ती सर्व मोजमापे माझ्या घरच्या संगणकावर आहेत. ती मी बाईंना देतो. कढई बंद झाल्यावर त्यांनी आपल्या प्रयोगाचा उत्तरार्ध म्हणून ती आपल्या प्रबंधात आपल्या नावाने वापरावीत. माझा उल्लेख करू नये. तसे करण्यास माझी पूर्ण संमती आहे आणि माझ्या वारसांनी हरकत घेऊ नये.

मेव्हण्याने विचारले, "भाऊजी, तुमच्या शास्त्रात हे चालतं?"

"नाही."

"मग?"

"मग दुसरे काय देऊ? तू सांग."

आकडे ही स्थावर मालमत्ता की जंगम, एवढेच पुटपुटत त्याने 'जंगम' असे समासात लिहिले.

मी याविषयी बाईंशी आधी बोललो होतो, हे नमूद करतो. त्या म्हणाल्या होत्या, "सर, त्या नळ्या तांब्याच्या होत्या. या पोलादाच्या आहेत."

"परीक्षकांना कोण सांगणार आहे?"

"परीक्षकांचं सोडा. तुमच्या आकड्यांवर माझं गणित जुळलं, तर ते बरोबर आहे हे मला कसं कळणार?"

हा प्रश्न खरे तर मी विचारायचा होता. मी मार्गदर्शक आहे. पण माणूस मंगळवारनंतरचा विचार करू लागला की त्याला बरोबरपेक्षा पुरे झालेले बरे वाटू लागते. प्रबंध नसेल तर बाईंच्या हातात एवढ्या वर्षांचे काहीच राहणार नाही. तेव्हा त्यांनी रागावावे, पण घ्यावे. मी समजूत घालायला नसेन, हाच या कलमाचा एक फायदा.

येथे मृत्युपत्र संपले. पाने चार, खाडाखोड दोन ठिकाणी, दोन्ही विशेषणांची.

स्थळ : राहते घर, जेवणाचे टेबल.
दिनांक : शस्त्रक्रियेच्या अलीकडचा शुक्रवार, दुपार.
मृत्युपत्र करणार : सही (वाचता येत नाही, पण माझीच)

साक्षीदार पहिले : शेजारचे दंतवैद्य, सही
साक्षीदार दुसरे : संशोधक विद्यार्थिनी, प्रक्रिया नियंत्रण प्रयोगशाळा, सही

सह्या झाल्यावर लिहिलेला मजकूर. वकिलाच्या मते याला कायद्यात काडीची किंमत नाही.

दुसरे साक्षीदार विद्यापीठाचे ग्रंथपाल व्हायचे होते. त्यांना उशीर झाला. दारावरची घंटा वाजली तेव्हा ते आले असे समजून मेव्हण्याने दार उघडले, तर बाई. सकाळचे आकडे दाखवायला आल्या होत्या. दंतवैद्यांची सही नुकतीच झाली होती, पाने टेबलावर उघडी होती. बाईंनी उभ्या उभ्या शेवटचे पान वाचले. घाई केली नाही. मग दंतवैद्यांच्या हातातले पेन घेतले आणि दुसऱ्या जागेवर सही केली, हुद्द्यासकट.

मेव्हणा ओरडला, "अहो बाई, थांबा! ज्याला काही मिळायचंय त्यानं साक्ष द्यायची नसते! त्याचं कलम जातं!"

"माहीत आहे. माझे वडील नोंदणी कचेरीत होते."

मी म्हटले, "बाई, हे काय केलंत तुम्ही?"

"सही केली, सर. वाचून केली."

"अहो, पण कढई महिनाअखेर उचलणार आहेत."

"उचलतील तेव्हा उचलतील. तोवर चालवते. काल रात्रीपासून पाकाचा दाटपणा माझ्या गणितापेक्षा थोडा कमी येतोय. का ते बघायचंय."

"आणि महिनाअखेरनंतर?"

पत्नी म्हणाली, "अगं, चहा तरी घे." बाई म्हणाल्या, "नको ताई, मिस्त्री एकटेच आहेत तिथं," आणि चपला घालू लागल्या. आकड्यांचा कागद माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "मंगळवारच्या आत बघाल ना, सर?" मी हो म्हटले. दाटपणा खरेच कमी येतो आहे. का, ते मला अजून कळलेले नाही.

त्या गेल्यावर मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, नवी प्रत काढू या? ग्रंथपाल येतीलच. अर्ध्या तासात होईल."

पत्नी म्हणाली, "आणि ती परत येऊन त्यावरही सही करून गेली तर?"

दंतवैद्य हसले. मेव्हण्याने टोपण लावून पेन खिशात ठेवले.

तेव्हा कलम सातवे आता निरर्थक झाले आहे. ते मी खोडलेले नाही, एवढे ध्यानात असावे.