माझ्या उजव्या कमरेवरचे पिस्तूल आणि बाकी मिळकत

मी, ओपल जीन रॅटलिफ, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, राहणार बिक्सलर, ओक्लाहोमा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तपासून तसे सांगितले आणि माझी बहीण ग्लेंडा हिनेही बऱ्याच कुरकुरीनंतर ते मान्य केले. माझ्यावर कोणाचा दबाव नाही आणि मला कोणाची भीती नाही. यातले दुसरे मला आधीच्या मृत्युपत्रात लिहिता आले नसते.

ते आधीचे मृत्युपत्र आजपासून रद्द समजावे. त्यात एक ओळ होती: घर आणि घरातील सर्व चीजवस्तू माझा मुलगा वेंडल यास. ओळ दिसायला सरळ, पण वेंडल तुरुंगात राहून आलेला आहे आणि त्याच्यासारख्या शिक्षा झालेल्या माणसाच्या ताब्यात पुन्हा कधी बंदूक सापडता कामा नये, असा कायदा आहे. चीजवस्तूंत माझे पिस्तूल आलेच. म्हणजे इकडे माझा श्वास थांबला की तिकडे माझा मुलगा गुन्हेगार, तेही आईच्या मयताला उभे राहण्याआधी. माझे वकील हॉलिस यांच्या हे लक्षात आले आणि त्यांनी मला बोलावून घेतले.

त्याच सुमारास, वेंडल पॅरोलवर सुटण्याआधी, पॅरोल खात्याच्या बाई घर बघायला आल्या. वेंडलला माझ्याकडे राहायचे असेल तर घरात बंदूक चालणार नाही, कुलपात ठेवली तरी नाही आणि माझ्या अंगावर असली तरी नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. बाई वाईट नव्हत्या, माझी कॉफीही प्यायल्या. पण पिस्तूल किंवा मुलगा, दोन्ही नाही, एवढे माझ्यापुढे ठेवून त्या गेल्या.

कलम पहिले. घर, मागचे परसू, ट्रक आणि बँकेतली शिल्लक वेंडलला. मागच्या दाराला तीन कड्या आहेत. त्याने त्यातल्या दोन काढून टाकल्या तरी माझी हरकत नाही. पीचच्या झाडाची छाटणी मात्र माझा मेहुणा फ्लॉइड याला विचारून करू नये.

कलम दुसरे. दुकान, दोन्ही शिलाई मशिने आणि मोठी कात्री ग्लेंडाच्या मुलीला, डार्लाला. तिचा हात माझ्यापेक्षा साफ आहे, हे मी तिला तोंडावर कधी सांगितले नाही, आता वाचेल. बायकांच्या कपड्यांना खिसे नसतात आणि काही बायकांच्या मागे लागलेले पुरुष असतात, या दोन गोष्टींवर माझे दुकान चालले. लग्नाचे झगे आणि पँटच्या दुमडी मी केल्याच, पण निम्मी गिऱ्हाइके दार लावून घेऊन हळू आवाजात बोलणारी असत. पिस्तूल अंगावर असावे, पण कोणाला दिसू नये, उंचवटाही जाणवू नये, असा कपडा त्यांना हवा असे. पर्समध्ये ठेवते म्हणणाऱ्या बाईला मी एकच सांगते, की चोर आधी पर्सच नेतो. कपडा झाला की मी परीक्षा घेते. आधी खाली वाकून मूल उचलल्यासारखे करायचे, मग चवड्यांवर उभे राहून वरच्या फळीवरचा डबा काढायचा. दुसऱ्या परीक्षेत फार जण नापास होतात, कारण हात वर गेला की सदराही वर जातो. डार्लाने ही परीक्षा सोडू नये. गिऱ्हाईक घाईत असले तरी सोडू नये.

कलम तिसरे. शयनघरातल्या तळच्या खणातली सर्व होल्स्टरे, म्हणजे पिस्तूल अंगावर अडकवायची म्याने, फ्लॉइड यास. पिस्तूल बाळगणाऱ्या प्रत्येकाकडे असा एक खण असतो, चुकीच्या खरेदीचा. माझ्या खणातली बहुतेक खरेदी फ्लॉइडच्या सल्ल्याने झाली. घोट्याला बांधायचे, काखेत लटकवायचे, आणि एक असे की ते घालून बसले तर उठता येत नाही. दर नाताळला तो म्हणायचा, "ओपल, या वेळी बरोब्बर सापडलंय बघ." ती सगळी त्याला परत मिळत आहेत. शेवटी मला जे बसले ते मी जुन्या घोड्याच्या खोगिरातल्या कातड्यातून स्वतः शिवले होते.

कलम चौथे. आमच्या चर्चचे पाद्री ब्रदर लायल यांना मी काहीही ठेवत नाही, एक जुना हिशेब तेवढा मिटवते. मी पहिल्यांदा पिस्तूल घेतले तेव्हा त्यांनी भर चर्चमध्ये, माझ्याकडे बघत, देवावर भरवसा असलेल्याला लोखंडाची गरज नसते असे प्रवचन दिले. सगळ्यांच्या माना वळल्या. पुढे काही वर्षांनी तेच माझ्या दुकानात आले, दार लावून घेतले आणि प्रवचनाच्या कोटाला आतून खिसा लावता येईल का, असे विचारले. मी लावून दिला आणि कोणाला सांगणार नाही असे वचनही दिले. वचन हयातीपुरते होते. ते या मृत्युपत्राचे साक्षीदार आहेत, पण साक्षीदाराने माझी सही पाहायची असते, मजकूर वाचायचा नसतो. हे हॉलिस यांच्याकडून कळले तेव्हा मला फार बरे वाटले.

कलम पाचवे. माझा घटस्फोटित नवरा रॉइस याला माझ्या मिळकतीतले काहीही मिळू नये. कारण लिहायची गरज नाही असे हॉलिस म्हणतात. मला मात्र लिहायचे आहे.

रॉइसने माझा जबडा मोडला तेव्हा वेंडल तिसरीत होता. घटस्फोट झाला, त्याने आमच्यापासून लांब राहावे असा कोर्टाचा हुकूम झाला, आणि पुढच्याच आठवड्यात त्याने मागचे दार तोडले. मी शेरीफला फोन केला. शेरीफ भला माणूस, पण तो जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला होता. तो पोहोचेपर्यंत मी वेंडलला घेऊन न्हाणीघरात कडी लावून बसले होते आणि रॉइस बाहेर माझ्या बशा एकेक करून फोडत होता. बशा संपल्या म्हणून तो गेला. कोर्टाचा हुकूम त्या वेळी फ्रिजवर चिकटवलेला होता. त्यानंतर मी पिस्तूल घेतले, चालवायला शिकले, परवाना काढला आणि रोज सकाळी दात घासल्यावर ते कमरेला लावू लागले. घरात, दुकानात, बागेत, सगळीकडे. रोज थोडी भीती आणि रोज थोडा धीर, असे ते ओझे होते. स्वतःला वाचवण्याचा हक्क मला त्या कागदाने नाही, त्या ओझ्याने दिला, हे मी आजही म्हणते आणि कोणी वाद घातला तरी म्हणेन.

वेंडलचे तसे झाले नाही. तो मोठा झाला, स्वतःची बंदूक घेतली. एक दिवस त्याने गावात ऐकले की ओपलला दुकानासकट जाळतो असे रॉइस म्हणत फिरतोय. वेंडल सरळ रॉइसच्या घरी गेला. रॉइस ओसरीवर पीच सोलत बसला होता. वेंडलने त्याच्या खुब्यात गोळी घातली. आमच्या वकिलाने आईच्या बचावासाठी वगैरे मांडून पाहिले, पण न्यायाधीशांनी ज्यूरीला समजावले की संकट दारात आलेले असते तेव्हा बचाव असतो, संकट शोधत त्याच्या दारात गेले की तो बचाव राहत नाही. न्यायाधीशांचे बरोबर होते. माझ्या पोटच्या पोराला अकरा वर्षे आत बसवणाऱ्या वाक्याला मी मनातून हो म्हटले, आणि त्या दिवशी घरी येऊन शिवणाच्या ढिगावर डोके ठेवून रडले.

आता यंदाच्या फेब्रुवारीतले. मी डॉलर स्टोअरमध्ये दोरा घ्यायला गेले होते. मागून कोणीतरी घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बाई, जरा ती वरची पेटी काढून देता का? माझा हात पोहोचत नाही." कवळी भिजवायच्या गोळ्यांची पेटी होती. मी चवड्यांवर उभी राहिले, हात वर केला आणि माझा सदरा वर गेला. अर्ध्या जिल्ह्याला ज्या परीक्षेत मी नापास केले, तीत मी स्वतः नापास झाले. वळून पाहते तो रॉइस. पुढ्यात आधाराने चालायची चौकट, नाकात ऑक्सिजनची नळी. तो माझ्या तोंडाकडे पाहत नव्हता, कमरेकडे पाहत होता.

"कधीपासून बाळगतेयस?" त्याने विचारले.

"दार तोडलंस तेव्हापासून."

"माझ्यासाठी?"

"तुझ्याचसाठी."

त्याने नाकातली नळी नीट बसवली. मग म्हणाला, "दोनदा आलो होतो तुझ्या दुकानापाशी. गाडीतच बसून राहिलो. तुझ्याकडे असेल की नसेल, काही कळेना. तशीच गाडी फिरवली."

मला हे माहीत नव्हते. दोन्ही वेळा मी आत बसून कोणाची तरी दुमड घालत असेन.

"पोराचं मला विचारायला पॅरोलवाले आले होते," तो म्हणाला. "सोडायचा की नाही म्हणून. मी म्हटलं, सोडा."

"का?"

"खुबा तसाही दुखतो. तो आत असला तरी दुखतोच."

मी त्याच्या हातात पेटी दिली आणि दोरा न घेताच बाहेर आले. ट्रकमध्ये बसले आणि मला हसू आले ते आवरेना. ज्याचा हात फळीपर्यंत पोहोचत नाही तो आता माझे कोणते दार तोडणार होता? मी त्याला माफ केलेले नाही, याची इथे नोंद करून ठेवते. पण त्या दिवशी माझी भीती गेली. पिस्तूल त्यानंतरही दोन-तीन महिने मी लावत राहिले, निव्वळ सवय म्हणून, आणि मग पॅरोलच्या बाई आल्या.

कलम सहावे. पिस्तूल, त्याच्या गोळ्या आणि खोगिराच्या कातड्याचे ते होल्स्टर. हे मी कोणालाही ठेवत नाही, कारण ते दिले गेले आहे. या मेमध्ये एक बाई दुकानात आली, दार लावून घेतले आणि उन्हाळ्यातही लांब बाह्यांचा सदरा शिवून मागितला. बाह्या वर कर असे मी तिला सांगितले नाही, मला ठाऊक होते. तिला मी माझ्याबरोबर नेमबाजीच्या मैदानावर नेले, चालवायला शिकवले, तिच्या नावाची तपासणी कायद्याप्रमाणे करून घेतली आणि मग पिस्तूल तिच्या हाती दिले. तिला माझ्या मरणाची वाट पाहायला वेळ नव्हता. एक गोष्ट मात्र तिच्याकडून तीनदा वदवून घेतली, की हे तुझ्या दारासाठी आहे, त्याच्या दारासाठी नाही. तिचे नाव इथे लिहीत नाही. मृत्युपत्र कोर्टात गेले की कोणालाही वाचता येते, आणि तिच्या त्या माणसाला वाचता येते.

कलम सातवे. माझ्या मयताला भजने थोडी असावीत आणि तळलेली कोंबडी भरपूर. फ्लॉइडने पाहुण्यांना होल्स्टरबद्दल सल्ले देऊ नयेत. थडग्यावर नाव आणि साल एवढेच कोरावे.

कलम आठवे. हे मिळकतीचे कलम नाही. हॉलिस यांनी ते काढायला सांगितले होते, मी ठेवत आहे.

वेंडल गुरुवारी आला. त्याला आणायला मी बस थांब्यावर गेले ती कमरेला काही न लावता. उघडे पडल्यासारखे वाटेल अशी माझी खात्री होती. तसे काही वाटले नाही. पट्टा सैल झाला होता एवढेच, सारखा वर ओढावा लागत होता. वेंडल उतरला. केस पिकले आहेत त्याचे, या वयात. मी त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरले. घरापाशी ट्रक लावला आणि आम्ही फाटकातून आत निघालो, तर तो थांबला.

"आई, लहानपणी तू मला कायम डावीकडे ठेवायचीस," तो म्हणाला. "उजवीकडे आलो की ढकलायचीस. मला वाटायचं, तुझी ती बाजू दुखते."

"दुखायचीच," मी म्हटले.

मग तो मागून फिरून माझ्या उजवीकडे आला, माझ्या कमरेला हात घातला, आणि आम्ही तसेच घरात गेलो.

वरील सर्व मजकूर मी राजीखुशीने लिहिला, वाचला, आणि तो मला पसंत आहे.

ओपल जीन रॅटलिफ
(सही)

आमच्यादेखत ओपल बाईंनी वर सही केली. त्या शुद्धीवर होत्या आणि हसत होत्या.

साक्षीदार:
१. लायल एव्हरेट टॅगर्ट, पाद्री (सही)
२. ड्रुसिला मे हॉर्नबी, शेजारीण (सही)

बिक्सलर, ओक्लाहोमा
रविवार, ९ जून २०२४