पाच चाळीसचं तिकीट

लोणावळा,
शनिवार, १५ नोव्हेंबर २०२५

प्रिय सविता,

तिकडे सगळी बरी असतील असं धरून चालते. इंद्रायणी भाताची झोडणी उरकली असेल. माझा गुडघा पूर्वीसारखाच कुरकुरतो. फोन केला नाही, कारण तू उचलला नसतास. आणि उचलला असतास तर मी हवापाण्यावर बोलून ठेवून दिला असता.

तू गेल्यापासून दोन वर्षांत हेल्पडेस्कवर पाचजणींच्या दोघी उरलो. भाड्याच्या बंगल्यांवरच्या तक्रारी आता एआय एजंट ऐकतात. एजंट म्हटलं की आपल्या मावळात सातबारा खिशात घालून फिरणारा आठवतो. हा त्याच्याहून बरा, याला निदान चहा पाजावा लागत नाही. तक्रारींची जुनी तिकिटं शोधायचं एक साधन या एजंटांना दिलंय, आणि ते कसं वापरायचं याची माहिती लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. वीस वर्षं माणसांना समजावलं, कोणी ऐकलं नाही. आता यंत्राला समजावते आहे.

समर्थसाहेब अजून तसेच. वय तिशीचं, आव जगद्गुरूचा. गिझर आणि गॅस शेगडी यांतला फरक विचारलास तर मीटिंग लावतील. साधनातून तिकिटाची तारीख, बंद करणाऱ्याचं नाव, कारण आणि वेळ मिळते. त्यातली वेळ काढून टाका म्हणाले, एजंट गोंधळतो. मी ठेवली. उथळ पाण्याला खळखळाट फार.

माहितीत एक उदाहरण द्यावं लागतं. कुरवंड्याच्या बंगल्यात निघालेला साप देता आला असता. मी शोधात 'मळवली, गिझर' असं टाकलं. तिथल्या बंगल्याची राखण करणाऱ्या तुझ्या दत्तोबामामांची तीन तिकिटं आली. तिसऱ्याला त्यांचा आवाज जोडलेला आहे. "ताई, गिजरला हात लावला की झिणझिण्या येत्यात. तीनदा सांगितलं म्या. कुनी येनार हाय का न्हाई?" खाली शेरा: संपर्क झाला नाही, तिकीट बंद. बंद करणारी सविता. शुक्रवार, पाच चाळीस.

पाच चाळीसला तू कुठे होतीस हे मला ठाऊक आहे. लोकलने कामशेतला, आंदर मावळची शेवटची एसटी गाठायला. ती चुकली की पायपीट, म्हणून तू मशीन उघडंच टाकून पळायचीस. आणि शुक्रवारी सहाच्या आत जुनी तिकिटं साफ करायची हा आपल्याकडचा नियम. साफ म्हणजे दुरुस्त नव्हे, यादीतून गायब. माझं मशीन त्या दिवशी अडकलं होतं. मी तुझ्या खुर्चीत बसले आणि एकोणीस तिकिटं बंद केली. एकालाही फोन लावला नाही.

रविवारी मामांना शॉक बसला. चौकशीत तू माझ्याकडे वळून म्हणालीस, "चंद्रिकाताई, तुमी तरी सांगा." मी पाण्याची बाटली उघडली, दोन घोट प्यायले आणि मला काही कल्पना नाही म्हणाले.

तुझी नोकरी गेली. मामांची उजवी मूठ अजून मिटत नाही. तुझ्या धाकट्या बहिणीच्या, कोमलच्या लग्नात ते मामा म्हणून तिच्यामागे उभे राहिले नाहीत, तिथेसुद्धा तुझं तोंड पाहायचं नव्हतं म्हणून, हे मला ऑफिसातल्या नंदाबाईंनी सांगितलं. मी 'अरेरे' म्हणाले. समर्थसाहेबांना नावं ठेवते खरी, पण माझ्याइतकं हलकट माणूस त्या ऑफिसात दुसरं नाही.

मग मी माहितीत लिहिलं: नुसत्या नावावर विसंबू नये, वेळ पाहावी. हे तिकीट सविताच्या नावावर आहे, पण त्या वेळी ती ऑफिसात नव्हती. बंद चंद्रिकाने केलं. साहेबांना पाठवलं. दोन मिनिटांत 'उत्तम' असं उत्तर आलं. वाचायला निदान दहा लागतात.

काल मालकांसमोर डेमो होता. गिझरच्या जुन्या तक्रारींत काय सापडतं, असं साहेबांनी ऐटीत विचारलं. एजंटने मात्र माझं अक्षरन् अक्षर वाचलं होतं. पडद्यावर आधी तुझं नाव आलं, मग माझं. हे खरं का, असं मालकांनी विचारलं. मी हो म्हणाले. सोमवारपासून येऊ नका म्हणाले. सविताला परत बोलावणार का, असं विचारलं, तर बघू म्हणाले. त्यांच्या 'बघू'चा अर्थ तुला माहीत आहे.

आज सकाळी मळवलीला मामांकडे गेले. सगळं सांगितलं. ते डाव्या हाताने वाळत घातलेला भात सारत राहिले. मग म्हणाले, "आमच्या पोरीला सांगितलं का तुमी?"

नव्हतं सांगितलं. यंत्राला सांगितलं, मालकांना सांगितलं, मामांना सांगितलं. तुला सगळ्यात शेवटी. माफ कर असं लिहायला हात धजत नाही.

मामा पुढच्या रविवारी तुझ्याकडे यायचं म्हणताहेत. त्यांना चहा कपात देऊ नकोस, पेल्यात दे. कपाचा कान त्यांना आता धरता येत नाही.

त्या शुक्रवारी तुझ्या खुर्चीत बसलेली,
चंद्रिका