कोपऱ्यातला डबा बोलला

प्रिय अवि,

काल दुपारी कमलाजींच्या शेतातला तो कोपऱ्यातला डबा बोलला! तुला सांगायला मी मोबाइल काढला, तुझं नाव शोधलं आणि मग भानावर आले. तू गेल्यापासूनचा हा दुसरा हिवाळा, तरी हात अजून तुझ्याच नावाकडे जातो. निखिलला कळवलं. "वा आई!" म्हणाला तो आणि मीटिंगला गेला. पण हा डबा इतके दिवस गप्प का होता, यावर माझ्याशी भांडणारं माणूस एकच होतं ना? म्हणून हे पत्र.

लग्न होऊन मी साताऱ्याहून झाशीला आले, तेव्हा तुझं मराठी ऐकून मला हसू आवरायचं नाही. "थोडं रुक, चावी गुम झाली," म्हणायचास, आणि लगेच आपल्या दोन खोल्यांतल्या ओट्याला म्हणायचास मुदपाकखाना! पिढ्यान्‌पिढ्या इथे राहिलेलं तुमचं घराणं; कोणता शब्द जुना आणि कोणता हिंदी, हे तुला तरी कुठे कळायचं? सासूबाईंसमोर मी तुला 'अहो' म्हणायचे. कॉलेजच्या लॅबमध्ये पाऊल टाकलं की 'अरे'! एकाच विभागात शिकवायचो आपण, आणि खरं भांडण तिथेच व्हायचं.

टहरौली गावाला, कमलाजींच्या शेतावर पहिल्यांदा गेलो तो दिवस आठवतो? कमलाजींची मुलगी तुझी विद्यार्थिनी. नवरा गेल्यावर सगळी शेती बाईंनी एकटीने सांभाळली. मटरच्या शेतात मातीची ओल मोजायला आपण छोटी यंत्रं पुरली होती, पण त्यांच्या बॅटऱ्या संपायच्या. बदलायला गेलो की वेल पायाखाली यायचे. कमलाजी एकदा वैतागून म्हणाल्या, "काए भाईसाब, हमाई मटर देखबे आए हो कि रौंदबे?"

परतताना मोटरसायकलवर तू मागे वळून ओरडलास, "बॅटरीच नको! मधल्या खांबावरून रेडिओलहरी सोडू. यंत्रं त्यातूनच वीज साठवतील."

"मिळणार किती? चिमूटभर!"

"मग चिमटीत मावेल एवढंच बोलायचं."

"आधी समोर बघ, वळण आलं!" मी किंचाळले. आजही त्या वळणावर आले की माझा हात सीटचा दांडा घट्ट धरतो.

मानिक चौकाच्या बाजारातून लोणच्याचे प्लास्टिकचे डबे आणलेस आणि यंत्रं त्यात बंद केलीस. किती घासले, तरी लॅबला कैरीचा वास यायचाच. खांब लहरी सोडायचा, डबे वीज साठवायचे, मग आपापला ओलाव्याचा आकडा खांबाला कळवून झोपी जायचे. जवळचे डबे भराभर भरायचे. बांधाकडच्या कोपऱ्यातल्या डब्याची मात्र दोन्हीकडून पंचाईत. लांब म्हणून वीज कमी मिळणार, आणि लांब म्हणूनच खांबापर्यंत आवाज पोचवायला वीज जास्त लागणार. तो काही बोलेना.

तू म्हणायचास, "जवळच्यांनी त्याचा निरोप पुढे न्यावा. त्यांच्याकडे उरते की वीज."

मी म्हणायचे, "अरे, तो कधी बोलेल म्हणून ते कान उघडे ठेवून बसले, तर ऐकण्यातच रिकामे होतील. ऐकायला काय वीज लागत नाही? त्यापेक्षा खांब जास्त वेळ चालू ठेव, त्याला पोटभर घेऊ दे."

"मग बाकीचे ताटकळतील."

"ताटकळू देत!"

स्वयंपाक, जेवण, भाजीबाजार, सगळीकडे हेच. भांडण अर्ध्यावर असतानाच तू गेलास. सकाळी चहा घेताना छातीत कळ आली म्हणालास, आणि दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. असं कुणी जातं का रे? निदान माझं म्हणणं पुरतं ऐकून तरी घ्यायचंस!

त्यानंतर मी टहरौलीचं नाव काढलं नाही. निखिल म्हणत राहिला, "आई, बस झालं, पुण्याला चल." मीही होकाराच्या काठावर आले होते. मग या हिवाळ्यात कमलाजींचा फोन आला. "बाईजी, खंभा उखाड़ लें का? आप तो आउत नइयां."

सामान काढून आणायचं, एवढंच ठरवून गेले. मटरला फुलं आली होती. खांबापाशी उभी राहिले, स्क्रू काढायला हात वर केला आणि तुझ्याशी पुन्हा भांडण सुरू झालं. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्याने! कमलाजी बघतच राहिल्या. बोलता बोलता माझ्या लक्षात आलं, खांबाच्या लहरी थांबतात ते सगळ्याच डब्यांना कळतं. तीच खूण मानली तर? लहरी थांबताच पहिली पाळी कोपऱ्यातल्याची; शेजारपर्यंत बोलायला त्याची चिमूटभर वीज पुरेल. शेजारच्या डब्याने तेवढा क्षणभरच कान उघडायचा, निरोप घ्यायचा आणि स्वतःच्या आकड्याबरोबर पुढे द्यायचा. पाळी माझी, निरोप्या तुझा.

खांब तसाच ठेवून मी घरी आले. लॅबमध्ये दोन आठवडे चाचण्या केल्या. काल डब्यांमध्ये नवी आज्ञावली घातली आणि बांधावर बसले. आधी काहीच नाही. मग लॅपटॉपवर कोपऱ्याचा आकडा उमटला: माती कोरडी.

"ऐसो कैसे? कालई पानी दओ हमने," कमलाजी म्हणाल्या. आकडाच चुकला असेल, असं मलाही वाटलं. दोघी चालत गेलो. जमिनीखालचा पाइप सांध्यातून सुटला होता आणि पाणी सगळं नाल्यात गेलं होतं. कोपऱ्यातली फुलं सुकू लागली होती. कमलाजींनी तिथेच पदर खोचला आणि माणूस बोलावून पाइप जोडून घेतला. संध्याकाळपर्यंत पाणी मुळांशी पोचलं. मग त्या डब्याजवळ उकिडव्या बसून म्हणाल्या, "भाईसाब होते तो आज नाच उठते."

तेव्हा मी रडले, अवि. तू गेलास त्या दिवशी रडले नव्हते तेवढी.

निखिलला आज सांगून टाकलं, पुण्याला चार दिवस येईन, राहायला नाही. कमलाजींच्या शेजारच्या दोन शेतांनीही डबे मागितलेत. पुढे एरचच्या बाजूला, बेतवा नदीकाठच्या शेतांतही लावून बघायचेत, पण तिथे जमीन खालीवर आहे. तिथे हीच पद्धत चालेल का, देव जाणे. बहुतेक आधी फसेलच.

एक वचन देते. तू गेलास म्हणून तुझं सगळं बरोबर होतं, असं मी कधीही म्हणणार नाही. जिथे चुकलास तिथे चुकलास म्हणेन, आणि जिथे जिंकलास तिथे मोठ्याने सांगेन. तुझा फोटो करून भिंतीवर गप्प बसवणार नाही तुला. भांडत राहीन.

तुझीच, अजून न हरलेली,
मेधा
झाशी