पासष्ट सेकंद

प्रिय धाकटी,

तुला ‘धाकटी’ म्हणणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नसेल, म्हणून सुरुवातीलाच हक्काने लिहून टाकलं. पाकीट पाहून दचकू नकोस, मी ठणठणीत आहे, गुडघे सोडले तर. बावन्न वर्षांत दोन ओळी लिहिल्या नाहीत आणि आता अचानक ही चार पानं, तेव्हा म्हातारा चळला असं तुला वाटेल. फार चुकीचं वाटणार नाही. डोक्यात सध्या खरोखरच गुंता झालाय, आणि तो सोडवायला दुसरं कोणी नाही.

तुझ्या दादावर सिनेमा केलाय हे कानावर आलं असेलच. आपल्याकडे रॉक अँड रोल गाणारा पहिला माणूस म्हणून मोठमोठी पोस्टरं लागली आहेत. शुक्रवारी पहिला खेळ. त्याआधी मला मंचावर उभं करून दोन मिनिटं बोलायला लावणार आहेत, आणि काय बोलायचं तेही सांगून ठेवलंय. पहिल्या रेकॉर्डमधली दादाची ती आरोळी, जिच्यावर पोरं खुर्च्यांवर चढून नाचली, ती मी माझ्या डोळ्यांनी पाहिली, एवढं सांगायचं. रेकॉर्डिंगला हजर असलेला मी एकटाच जिवंत आहे म्हणे. तू त्या वेळी खोलीत नव्हतीस, म्हणून त्यांच्या मोजणीत तू नाहीस. आणि माझी पंचाईत अशी, की मी नक्की काय पाहिलं तेच मला आता कळत नाही.

आठ महिने ती दिग्दर्शिका माझ्याकडे येत होती. पोरगी हुशार आहे, वही घेऊन बसायची. टेपचं मशीन कुठे होतं, भिंतींना अंड्यांचे ट्रे कसे चिकटवले होते, ढोलकरी किती सिगरेटी ओढायचा, सगळं विचारलंन. मी खुशीत होतो. जन्मभर काचेमागे बसून बटणं फिरवलेल्या माणसाला कोण विचारतं? गेल्या आठवड्यात तिने मला पूर्ण झालेला सिनेमा दाखवला, अकरा खुर्च्यांच्या एका छोट्या खोलीत. माझं काम करणारा नट देखणा आहे. इतके केस माझ्या डोक्यावर कधीच नव्हते, पण मी तक्रार केली नाही.

आरोळीचा प्रसंग त्यांनी फार झकास केलाय. दादा माइकसमोर डोळे मिटतो, मान मागे टाकतो आणि ओरडतो. काचेमागचा मी उडी मारून उठतो. मग गाणं संपतं, आणि तुझं काम करणारी मुलगी किटली घेऊन खोलीत येते, टेबलावर ठेवते. एक थेंब सांडत नाही. तिथवर मी आरामात बघत होतो. ती किटली पाहिली आणि पुढचं मी काही पाहिलंच नाही. किटलीचं मी कोणालाच, कधीच सांगितलं नव्हतं.

बाहेर आल्यावर तिला विचारलं, हे कुठून आणलंस. तिने वही उघडून दाखवली. आठवी भेट, माझ्याच तोंडचं वाक्य: धाकटी किटली घेऊन यायची. मला यातलं काही आठवत नाही. त्यापुढे मी काय म्हणालो, असं विचारलं, तर म्हणाली, तुम्ही पंखा लावायला सांगितलंत.

तेव्हापासून हे असं चाललंय. डोळे मिटले की दादा मान मागे टाकून ओरडताना अगदी स्वच्छ दिसतो. पण त्याच्या अंगात ते चमचमतं जाकीट असतं, सिनेमातलं. त्या दुपारी त्याला ताप होता गं. दोन स्वेटर आणि गळ्याला मफलर गुंडाळून गात होता, हे मला पक्कं माहीत आहे. म्हणजे मला आठवतंय ते मी पाहिलेलंच नाही. मग जे पाहिलं ते कुठे गेलं? चाळीस वर्षं मुलाखती घेणाऱ्यांना मी हेच सांगत आलो, कारण दादा हेच सांगायचा. एकच गोष्ट दोघांनी इतक्यांदा सांगितली, की तिच्याखाली दुसरं काही होतं का, हेच समजेनासं झालंय.

दादाला मात्र शंका होती. मंचावर त्याने ती आरोळी पुन्हा काढायचा किती आटापिटा केला ते तू लांबून पाहिलंच असशील. वर्षानुवर्षं, प्रत्येक कार्यक्रमात. लोक टाळ्या वाजवायचे, पण तो उतरताना माझ्याकडे बघायचा आणि मी मान हलवायचो, नाही जमली. त्यातच घसा गेला. ऑपरेशननंतर पाटीवर लिहून बोलायचा. शेवटी भेटलो तेव्हा त्याने पाटीवर लिहिलं, ते मी कसं केलं होतं? मी म्हणालो, तू तापात होतास, तापात माणूस काहीही करतो. त्याने पाटी पुसली. त्या वेळी मी खोटं बोललो, असं मला वाटतं. खोटंच बोललो का, ते तू सांगायचंस.

आता मला जे वाटतं ते लिहितो. चुकलं असेल तर चूक म्हण. आवाज घुमवायला आपल्याकडे यंत्र नव्हतं. दादाचा आवाज आम्ही एका स्पीकरमधून जिन्यात सोडायचो आणि वरच्या वळणावर टांगलेल्या माइकने तो घुमलेला परत आणायचो. खोलीचं जाड दार बंद असे, त्यामुळे जिन्यात काय चाललंय ते फक्त माझ्या कानांना कळायचं. टेपवर पट्टी एकच, जे आलं ते आलं, मागाहून वेगळं करता येत नसे. आणि तू दादासाठी गुळण्यांचं उकळतं मीठपाणी खालच्या मजल्यावरून आणायचीस. गाणं चालू असलं तर चपला काढून, चवड्यांवर, आवाज न करता चढायचीस. माइकची तार मी पायऱ्यांवरून मोकळीच सोडायचो. कडेला खिळ्यांत अडकवून घे, असं तू मला दोनदा बजावलं होतंस.

गाणं सव्वादोन मिनिटांचं. आरोळी एक मिनिट दहा सेकंदांवर. माझ्या कानात ती जिन्याच्या बाजूने आली, धाकटे. काचेपलीकडे दादा तेव्हा वाकून खोकला दाबत होता, स्वेटरमधला दादा. मला कळलं ते काय आहे. आणि मला हेही कळलं, की सतरा टेक वाया गेल्यानंतर असला टेक पुन्हा येणार नाही. पासष्ट सेकंद उरले होते. मी खुर्चीतून उठलो नाही. त्या पासष्ट सेकंदांत टेपवर जिन्यातून दादाच्या घुमलेल्या आवाजाशिवाय काहीच आलेलं नाही, तुझा श्वाससुद्धा नाही. माइक चालू आहे हे तुलाही माहीत होतं.

गाणं संपल्यावर मी बाहेर आलो तेव्हा तू खाली नळापाशी बसली होतीस. किटली सांडली, काही नाही, म्हणालीस. मी तुला टेक किती उत्तम आला ते सांगत बसलो. रेकॉर्ड बाजारात आली त्याच आठवड्यात तू मामाकडे निघून गेलीस. मी स्वतःची समजूत घातली, की माझी नोकरी कायम नव्हती म्हणून गेलीस. तुला विचारायचं म्हणून नवा शर्ट शिवून घेतला होता, तो पुढे कोणाच्या तरी लग्नात वापरला.

यातलं खरं किती आणि सिनेमा पाहून माझ्या मनाने रचलेलं किती, मला खरोखर ठरवता येत नाही. टेपवर तो आवाज बाईचा की पुरुषाचा ते ऐकून कोणालाच सांगता आलेलं नाही, मलाही नाही. पुरावा असलाच तर तो तुझ्या पावलावर असेल. तिथे डाग असेल, तर शुक्रवारी मी मंचावर जाईन आणि ती आरोळी कोणाची ते सगळ्यांसमोर सांगेन, आणि तू नको म्हणालीस तर घरी बसेन. डाग नसेल, तर म्हाताऱ्याला हसून सोडून दे. पण पत्र लिहायचं कारण शुक्रवार नाही, हे इथपर्यंत आल्यावर माझं मलाच कळलं. त्या दिवशी नळापाशी जे विचारायचं ते मी विचारलंच नाही, म्हणून लिहितोय. खूप भाजलं होतं का गं?

तुझाच,
काचेमागचा बटण्या